मागाचा कौल

नात आरोही ताट सुकलं तरी पत्ते चाळतच बसलेली, म्हणून अक्काताई करवादत होत्या, "पत्त्यांनी पोट भरतंय व्हय गं?"

उद्या चित्रांच्या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा होती, ज्यात प्रत्येकानं आपली गड्डी स्वतःच जुळवून आणायची असते. समोरच्याचा डाव अडवणारी तिची गड्डी साठ पत्त्यांची हवी, आणि झालेले एकसष्ट. मागच्या खेपेला ती गड्डीतून चुकीचा पत्ता वगळून हरली होती.

तिनं वगळायला एक पत्ता उचलला आणि आतल्या खोलीत खडखडणारा विजेवरचा यंत्रमाग थांबला. धागा तुटला की माग थांबतो. अक्काताईंनी जाऊन पाहिलं, धागा शाबूत होता. पत्ता परत ठेवताच माग खडखडू लागला.

तीन पत्त्यांना असंच झालं. चौथ्याला माग चालूच राहिला.

अक्काताईंनी वर पाहिलं. पंखा निपचित होता. वडगावात सकाळपासून लाइट नव्हती.

त्यांनी मागाला हात जोडले. "त्येचे उपकार मान, पोरी. त्येला तुझ्यापेक्षा डाव कळतोय. ह्योच पत्ता काढ, अन् आधी जेव."