लाकडी पाचर

कारखाना बंद पडला होता. चाळीस वर्षं चालवलेलं छपाईयंत्र मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत खोक्यात जात होतं. ज्या देशातली पोरं एकेकाळी इथे काम शिकायला यायची, तिथल्याच कंपनीने ते विकत घेतलं होतं. मिस्त्रीने यंत्राखालची लाकडी पाचर मात्र गुपचूप खिशात टाकली. तिच्याशिवाय यंत्र थरथरतं, हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘बसू देत तिकडे डोकं खाजवत.’ यंत्र न्यायला आलेल्या इंजिनिअर मुलीने वही उघडली. “काका, सांगायचं काही राहिलं का? माझे बाबा तुमच्याच हाताखाली शिकले.” “कोण, तो शंभर प्रश्न विचारणारा?” “तेच. म्हणतात, मिस्त्री शिकवताना कधी हातचं राखत नाहीत.” मिस्त्री थकून खोक्यावर टेकला. मग त्याने पाचर काढून तिच्या हातावर ठेवली. “मागच्या डाव्या पायाखाली घाल. जमीन कुठलीही असो, तो पाय आखूडच आहे.”