भंगारातले चार कॉम्प्युटर

दुकानदाराचा सगळा जोर नव्या मालावर होता. बाईंचा हात मात्र कोपऱ्यातल्या, चपलांच्या खोक्याएवढ्या चार जुन्या कॉम्प्युटरवरून हलेना. त्यांचं छोटंसं ऑफिस आजच उघडलं होतं, टेबलं रिकामी होती आणि नवे घेण्याची ऐपत नव्हती.

“मावशी, एका कंपनीनं भंगारात काढलेत हे. नाटकात टेबलावर मांडायला ठीक. ऑफिसचं काम यांना झेपायचं नाही.”

“एक लावून तर दाखवा.”

त्यानं तोंड वाकडं करत एकाला दुकानातल्या पडद्याची वायर जोडली, बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. “बघा! मी काय सांगत होतो?”

बाई पुढे झाल्या. त्यांनी बटण अंगठ्यानं दाबून धरलं, मनात पाचापर्यंत मोजलं आणि मग सोडलं. पडदा लख्ख उजळला.

दुकानदार बघतच राहिला. “याची ही खोड तुम्हाला कशी ठाऊक?”

“आठ वर्षं रोज सकाळी मीच सुरू करत होते. नवे आणायचं ठरलं, तेव्हा साहेब म्हणाले, तुमच्या वयाला ते जमायचे नाहीत. यांच्याबरोबर आम्हा चौघींनाही काढलं.” बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “चारही बांधून द्या आणि जरा लवकर. तिकडे तिघी खुर्च्या ओढून बसल्यात, आणि त्यांच्यासमोर साहेबांची दोन गिऱ्हाइकं.”