हुकलेल्या फटक्याच्या टाळ्या

चेंडू सरळ झाडीत शिरला, तरी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. उजवी रिकामी बाही खिशात खोचून तो डाव्या हाताने खेळत होता. "एका हाताने एवढं खेळतो, हेच खूप!" कुणीतरी म्हणालं.

गोल्फवरच त्याचं पोट होतं. पण इतरांचा फटका चुकला की लोक 'अरेरे' म्हणायचे. याचा चुकला की कौतुक करायचे. बरोबरचे दोघे खेळाडू वाटभर एकमेकांची टर उडवायचे, आणि हा जवळ आला की गप्प होऊन गोड हसायचे.

शेवटच्या होलपाशी चेंडू हातभर अंतरावर होता. हा घातला की आघाडीवरच्या प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी, आणि मग कपासाठी पुन्हा झुंज. त्याने अलगद ढकलला. चेंडू काठावरून फिरून बाहेरच राहिला.

पुन्हा टाळ्या! त्या गर्दीत तो एकटा, खाली बघत उभा राहिला.

तेवढ्यात कप जिंकलेला प्रतिस्पर्धी तरातरा आला. "गाढवा! शेंबडं पोरही घालेल असला चेंडू हुकवतोस, आणि फुकटचा कप माझ्या गळ्यात मारतोस?"

टाळ्या थांबल्या.

त्याने मान वर केली. कित्येक वर्षांनी कुणीतरी त्याच्याशी गोल्फबद्दल बोलत होतं.