बिस्किटकाकू

बेल दाबायला उचललेला हात धाकटीनं पुन्हा खाली घेतला. उगाच शाल सारखी केली, तर नख लोकरीत अडकलं. ते सवयीनं सोडवलं आणि एकदाची बेल दाबली.

धाकटी म्हणायचं ते नात्यानं. सत्तरी केव्हाच मागे पडली होती. आत राहत होती तिची थोरली जाऊ, आणि उद्या ती लेकीकडे निघणार होती, दूर, कायमची. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच. पुन्हा भेट होईल न होईल.

काल निरोपाला इथंच सगळा गोतावळा जमला होता. चहा झाला, फोटो झाले, मग नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "काकू, ती बिस्किटांची गोष्ट होऊन जाऊ दे!"

धाकटीला आग्रह करावा लागत नसे.

"मी तेव्हा नवी नवरी. घरात येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सासूबाई पाहुण्यांची बिस्किटं आतल्या खोलीत लोखंडी पेटीत ठेवायच्या, गरम कपड्यांबरोबर! चव अशी, की डांबरगोळीच चघळतोय. तरी आमच्या जाऊबाईंना मोह आवरेना. दुपारी सगळे आडवे झाले की या हळूच आत. मिट्ट काळोख. पेटीची कडी हाताला गार लागतेय. दोन तोंडात, दोन मुठीत, आणि धाडकन झाकण बोटावर! ओरडणार कशा? तोंड भरलेलं!"

हशा पिकला. थोरलीचा जावई तर डोळे पुसत होता.

"सासूबाई दारातूनच गरजल्या, 'कोण आहे गं आत?' या म्हणतात, 'मी.' 'बिस्किटं कुणी खाल्ली?' 'मीच.' नख काळंनिळं पडून गळून गेलं, पण हात काही शालीखालून बाहेर येईना!"

या गोष्टीवर घरातली दोन पिढ्यांची मुलं मोठी झाली. थोरलीला सगळी बिस्किटकाकू म्हणत. गोष्ट सुरू झाली की थोरली उठून कपबशा गोळा करायला लागे. लाजली, असं धाकटीला वाटे.

काल तर धाकटीनं कमाल केली होती. निरोपाची भेट म्हणून बिस्किटांचा मोठा डबा आणला होता, वर लाल फीत बांधून. पुन्हा हशा. थोरलीनं डबा दोन्ही हातांनी घेतला. तेवढ्यात तिच्या पाच वर्षांच्या नातीनं विचारलं, "आजी, तू चोर होतीस?"



"हो गं," थोरली म्हणाली. "होते." आणि नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

घरी जाताना सून एवढंच म्हणाली, "आई, आज जरा जास्तच झालं."

"अगं, त्यांना आवडतं ते," असं म्हणायचं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. जो रागावत नाही त्याला लागतही नाही, असं आपण धरून चालतो. किती वर्षं धरून चाललो! तिला कानकोंडं झालं.

दार उघडलं.

"तू होय! ये, ये. खुर्च्या गेल्या सगळ्या, त्या खोक्यावर बस. मोडलं तर तुझं वजन, माझं खोकं."

धाकटीला हसू आलं नाही. बांधाबांध झालेल्या खोलीत फक्त कालचा डबा उघड्यावर होता, फीत तशीच.

"जाऊबाई, मला माफ करा."

"कशाबद्दल गं?"

"त्या गोष्टीबद्दल. चारचौघांत तुमची लाज काढली मी. एकदा नाही, दरवेळी. तुम्हाला भूक लागली असेल, त्या घरात मागून खायची सोय नव्हती, हे कधी सांगितलंच नाही. नुसती फजिती सांगितली. आणि काल त्या पोरीसमोर..."

थोरलीनं आपलं खोकं तिच्याजवळ ओढलं.

"भूक लागल्यावर माणूस खाणारच. त्यात लाजायचं काय?"

"तुम्हाला राग नाही आला कधी?"

"पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा आला होता. दोन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. तुला वाटलं, माझं डोकं दुखतंय. मग पुन्हा सांगितलीस तेव्हा नीट तोंडाकडे पाहिलं तुझ्या. तर तुला खरंच..."

"खरंच काय?"

"खरंच छान सांगता येते गोष्ट." थोरलीनं डबा पुढे ओढला, फीत सोडली. "घे. तुला आवडतात."

"आधी माफ केलं म्हणा."

"बरं बाई, केलं. केव्हाच केलं. आता खा."

धाकटीनं भरल्या डोळ्यांनी बिस्किट घेतलं. छातीवरचा दगड उतरला होता. दुसऱ्या हातानं तिनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं आणि तिचं नख थोरलीच्या स्वेटरच्या बाहीत अडकलं.

"थांब, ओढू नकोस. उसवेल."

थोरलीनं चष्मा चढवला. धाकटीचं बोट उजेडाकडे वळवून ती एकेक धागा हलकेच सोडवू लागली. तिची स्वतःची दहाही नखं म्हातारपणीसुद्धा कशी नितळ, सरळ होती.

"सरळ आलंच नाही ना गं हे शेवटपर्यंत," ती म्हणाली. "गार पाण्याचं फडकं बांधून ठेव म्हणून किती विनवलं होतं तुला. पण तू सासूबाईंना अशी घाबरलेली, शालीखालून हात बाहेर काढशील तर शप्पत."