गोरखचिंचेखालचा निवाडा

"हिनंच माझं पोर खाल्लं! चेटकीण आहे ही, हाकला गावाबाहेर!" याकुबू ओरडला.

घानातलं ते अख्खं खेडं गोरखचिंचेखाली जमलं होतं. मधोमध म्हातारी अझारा एकटीच बसली होती.

मुखिया निवाडा देणार, एवढ्यात याकुबूची बायको लारिबा उठून अझाराशेजारी जाऊन बसली.

"पोर माझंही होतं," ती म्हणाली. "तापानं फणफणलं तेव्हा दवाखान्यात न्या म्हणून हीच विनवत होती. यांनीच नेऊ दिलं नाही."

एकेक करत बायका उठल्या आणि दोघींच्या मागे येऊन बसल्या.

"याकुबू, माफी माग तिची," मुखिया म्हणाला. "ती कुठेही जाणार नाही."

याकुबूने गुडघे टेकले. अझाराने रडणाऱ्या लारिबाला पोटाशी धरलं. मग बायकांनी अझाराला भर रस्त्यातून वाजतगाजत घरी नेलं.