अर्धा कोयता

ऊसतोड टोळीचे मुकादम आदिनाथराव पुण्याला शिकून आलेले. सिरसाळ्याच्या पारावर ते सांगत होते, "जात, कुटुंब, सरकार सगळं झूट. खरी फक्त व्यक्ती. जो तो आपल्या देहाचा मालक. त्यानं कुनाशी काय करार करावा, त्यात तिसऱ्यानं तोंड घालायचं न्हाई."

ज्यांना यंदा टोळीत जायचं होतं, त्यांना हे लगेच पटलं.

विधवा संगीता पुढं आली. "मग मुकादम, मला एकटीला घ्या. ऊस मीच तोडीन, मोळ्या बी मीच बांधीन."

"एकटीला कसं? नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. तू अर्धा कोयता झालीस. दिराला जोडीला घेऊन ये."

"दीर न्हाई म्हनतोय."

"मग इलाज न्हाई," आदिनाथराव हळहळले. "त्याला जबरदस्ती कशी करनार? तो स्वतंत्र व्यक्ती हाय."