कावळा शिवेना

बायको रत्नप्रभा गेल्याचा निरोप श्रीकृष्णरावांना दवाखान्यातून आला, त्याच दिवशी क्रूझवाल्यांचाही फोन आला. चक्रीवादळ सरलं होतं, त्यामुळे रद्द झालेलं, दोघांनी तिकीट काढलेलं जहाज आता महिनाभरानं निघणार होतं. समुद्र पाहायचं तिच्या फार मनात होतं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. “आई, धाकट्या गौरीचं लगन मी लावून देईन,” मुलानं हात जोडले. कावळा फांदीवरून हलेना.

“भाऊजी, तिच्या मनातलं तुमालेच ठाऊक. बोला न आता, मोकळी होऊ द्या तिले!” वणीची मेहुणी वैतागली.

श्रीकृष्णराव गप्पच राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

 

‘तुले समुद्र दाखवतो’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग कावळा शिवला असता आणि ती खरंच निघून गेली असती. ते म्हणायचं अजून राहिलंय.